दगड वाकतो कसा, हे शिकून पोट भरतं का?

साकोलीकडच्या एका मुलीनं हा प्रश्न विचारला आहे. ती भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, घरी धानाची शेती. कॉलेजच्या सहलीत तिनं एका नाल्यात गारगोटीची शीर पाहिली. अभ्रकाच्या शिस्टमध्ये, म्हणजे पत्र्यापत्र्यांच्या खडकात, ती शीर चक्क घडी पडून उलटी वळली होती. एवढा टणक दगड न तुटता वळला कसा, असं तिनं सरांना विचारलं. सर म्हणाले, यावरच आयुष्यभर काम करणारे शास्त्रज्ञ असतात. आता तिला जाणून घ्यायचंय की हे काम रोज नेमकं असतं काय, तालुक्याच्या कॉलेजातून तिथवर जाता येतं का, मुलीला फील्ड झेपतं का, आणि घरचे म्हणतात तसं बी.एड. करून मोकळं व्हावं का.

याच कामात माझे केस पांढरे झाले, म्हणून जरा लांबण लावून सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ‘खनिजांच्या विरूपणाचा (म्हणजे वाकण्या-ताणण्याचा) अभ्यासक पाहिजे’ अशी जाहिरात तुला कुठल्याही पेपरात दिसणार नाही. पगार मिळतो तो भूवैज्ञानिक म्हणून, प्राध्यापक म्हणून, खदानीतला जिऑलॉजिस्ट म्हणून किंवा प्रयोगशाळेतला संशोधक म्हणून. त्या नावाखाली तू हे काम करतेस. हे ठाऊक असलं की पुढची वाट सरळ आहे. पण त्या वाटेबद्दल नंतर. तू नाल्यात जे पाहिलंस ते आधी, कारण त्या शिरेनं तुला धरून ठेवलं नसेल तर बाकीचं सांगून उपयोग नाही.

गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू त्यात ठरलेल्या जाळीत बसलेले असतात. असा स्फटिक वाकायचा तर अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकायला हवा. संपूर्ण थर एकदम सरकवायला किती जोर लागेल, याचा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ फ्रेंकेल यांनी १९२६ साली मांडला. उत्तर आलं ते प्रत्यक्ष मोजलेल्या ताकदीपेक्षा हजारो पटींनी मोठं. म्हणजे स्फटिक हिशेबापेक्षा कितीतरी सहज वाकत होते, आणि का ते कोणाला कळत नव्हतं. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच उत्तर दिलं. स्फटिकाची जाळी कधीच निर्दोष नसते. तिच्यात एखादी अर्धवट संपलेली रांग असते, आणि सरकते ती रांग. लग्नाच्या मांडवातली मोठी सतरंजी टोकाला धरून ओढली तर चार गडी लागतात. तिच्या कडेला एक सुरकुती पाडून ती हातानं पुढं लोटत नेली, तर एकटी बाई सतरंजी वीतभर सरकवते. स्फटिकातल्या या सुरकुतीला डिसलोकेशन म्हणतात. तिघांनी ती कागदावर मांडली आणि १९५६ साली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धातूच्या पातळ पत्र्यात ती सरकताना लोकांनी डोळ्यांनी पाहिली. तुझी गारगोटीची शीर वळली ती अशा असंख्य रांगा एकामागून एक सरकून. एकही मोठा तडा जायची गरज पडली नाही.

आता हे सगळं घडायला तीन गोष्टी लागतात: उष्णता, वेळ आणि, नवल वाटेल, पाणी.

उष्णतेचं सोपं आहे. ढोबळ मानानं ३०० अंश सेल्सियसच्या आसपास क्वार्ट्झ वाहायला लागतो. फेल्डस्पार या खडकांतल्या दुसऱ्या नेहमीच्या खनिजाला त्याहून जास्त, साधारण ४५० ते ५०० अंश लागतात. म्हणून एकाच नाइसमध्ये, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांच्या खडकात, क्वार्ट्झ लांब फितीसारखा ओढलेला आणि शेजारचा फेल्डस्पार कटकन तुटलेला दिसला, तर त्या खडकानं सोसलेलं तापमान या दोन आकड्यांच्या मधलं. थर्मामीटर न लावता, कोट्यवधी वर्षांनंतर, नुसत्या दाण्यांच्या आकारावरून हे सांगता येतं. मला या विषयात ओढलं ते या गोष्टीनं.

वेळेचं गणित मात्र अवघड आहे, आणि या विषयातली सगळी सचोटी तिथं पणाला लागते असं माझं मत आहे. पर्वत घडताना खडक ज्या गतीनं विकृत होतो, म्हणजे आकार बदलतो, ती साधारण सेकंदाला १०⁻१४ एवढी असते. या गतीनं खडकाच्या लांबीत फक्त १ टक्का फरक पडायला सुमारे ३२,००० वर्षं लागतात. प्रयोगशाळेत एवढं थांबायला कोण आहे? तिथं आपण गती १०⁻५ ठेवतो, म्हणजे १० टक्के विकृती तीन तासांच्या आत. ही प्रचंड घाई भरून काढायला तापमान वाढवावं लागतं. जमिनीखाली ४०० अंशांना जे होतं ते घडवायला क्वार्ट्झ ८००-९०० अंशांवर तापवतात आणि मग समीकरण वापरून निष्कर्ष पुन्हा खाली, निसर्गाच्या गतीवर आणतात. मोजलेल्या गतीपासून शंभर कोटी पटींनी खाली उतरायचं! दोन्ही ठिकाणी अणूंच्या पातळीवर एकच प्रक्रिया चालू होती, याची खात्री नसेल तर ते समीकरण म्हणजे नुसते आकडे. ही खात्री करायची एकच वाट आहे: प्रयोगातला दाणा आणि डोंगरातला दाणा एकाच मायक्रोस्कोपखाली ठेवून त्यांच्या खुणा जुळतात का ते पाहायचं. म्हणून या विषयात फील्डचा माणूस आणि प्रयोगशाळेचा माणूस एकमेकांशिवाय लुळे आहेत.

पाण्याची गोष्ट १९६५ सालची. अमेरिकेत डेव्हिड ग्रिग्ज आणि ब्लॅसिक हे संशोधक क्वार्ट्झवर दाब देऊन पाहत होते. कारखान्यात वाढवलेला कृत्रिम क्वार्ट्झ एका ठरावीक तापमानाच्या वर एकदम मऊ पडला. नैसर्गिक, कोरडा स्फटिक त्याच तापमानाला ताठच राहिला. फरक होता जाळीत अडकलेल्या किंचित पाण्याचा. पाणी सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध सैल करतं आणि रांगा सहज सरकतात. कवचातला क्वार्ट्झ इतक्या कमी तापमानाला वाहतो त्यामागं हे पाणी आहे. त्याचं नेमकं काम कसं चालतं यावर आजही शोधनिबंध निघतात, आजही भांडणं होतात.

आता तुझ्या गावाकडं वळते. तुझा तालुका या अभ्यासासाठी आडबाजूला नाही, अगदी मोक्याच्या जागी आहे. साकोली गट म्हणून ओळखले जाणारे जुने, घड्या पडलेले खडक तुझ्या अवतीभवती आहेत. भंडारा जिल्ह्यात दहेगावच्या बाजूला कायनाइट आणि सिलिमनाइट ही खनिजं सापडतात. कायनाइटचा निळसर, फळीसारखा लांब स्फटिक मिळाला तर एक प्रयोग कर. पोलादी चाकूच्या टोकानं लांबीच्या दिशेनं ओढ, ओरखडा उठेल. तोच चाकू आडवा ओढ, उठणार नाही. लांबीच्या दिशेनं काठिण्य साडेचार-पाच, आडव्या दिशेनं साडेसहा-सात. दगड एकच, चाकू एकच, फक्त दिशा बदलली. खनिजाची ताकद दिशेवर अवलंबून असते, हे माझ्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा तुला त्या ओरखड्यातून नीट कळेल.

वायव्येला रामटेक, मनसर, देवलापारच्या भागात सौसर गट हा खडकांचा दुसरा गट आहे. भूवैज्ञानिक फर्मोर यांनी इथल्या मॅंगनीजवर १९०९ साली लिहिलेला ग्रंथ आजही संदर्भासाठी काढतात. गोंडाइट हे खडकाचं नाव त्यांनीच इथल्या गोंड लोकांवरून ठेवलं आणि ते जगभर चाललं. पुढं वेस्ट या भूवैज्ञानिकांनी देवलापारच्या भागात खडकांची अख्खी चादर आडवी सरकून दुसऱ्या खडकांवर चढल्याचं १९३६ साली मांडलं. ही माणसं पायी आणि बैलगाडीनं फिरून नकाशे करत होती. पण हा डोंगर नेमका केव्हा वळला, सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वी की सुमारे १०० कोटी, की दोन्ही वेळा, हा वाद अजून जिवंत आहे. कोणती खूण कोणत्या घडामोडीची, हे दाण्यादाण्यातून वेगळं करणारी माणसं त्यासाठी लागतात. असं माणूस साकोलीतून आलं तर मला मनापासून आनंद होईल.

आणि विदर्भात दुसरं टोकही आहे. आतापर्यंत मी हजारो वर्षांच्या संथ वाकण्याबद्दल बोलले. बुलढाण्याच्या लोणारला हेच काम सेकंदाच्याही छोट्या भागात झालं. उल्का आदळली, बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं, आणि त्या धक्क्यानं बेसॉल्टमधल्या प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारची जाळी इतक्या झटक्यात कोलमडली की काही दाणे न वितळताच काच बनले. दाण्याचा बाहेरचा आकार तसाच राहिला, आतली रचना गेली. त्याला मास्केलिनाइट म्हणतात. तिकडं काटोलला २२ मे २०१२ रोजी उल्कापात झाला. त्या दगडाचा अभ्यास आयआयटी खरगपूरच्या गटानं केला आणि त्यात ब्रिजमनाइट सापडल्याचं २०२१ साली प्रसिद्ध झालं. ब्रिजमनाइट हे पृथ्वीतलं सर्वांत मुबलक खनिज, पण ते असतं ६६० किलोमीटरच्या खाली. तिथवर कोणी पोचलेलं नाही. अवकाशातल्या टकरीनं उल्केत ते घडवलं आणि संत्र्यांच्या गावात आणून टाकलं. साकोलीच्या संथ घडीपासून लोणारच्या धक्क्यापर्यंत सगळं एकाच शास्त्रात बसतं, आणि ते सगळं आपल्या एसटीच्या टप्प्यात आहे.

आता रोजचं काम. लोकांना वाटतं हातोडी घेऊन डोंगर चढायचा. तो भाग वर्षातला थोडा. आपल्याकडं फील्ड पावसाळा सरल्यावर, धान कापणी झाली की सुरू करावं आणि होळीच्या आधी आटोपावं. नाल्यात खडक धुतलेला असतो, झुडूप विरळ झालेलं असतं. मे महिन्यात पूर्व विदर्भात फील्ड करू नये, उन्हानं दुपारी कंपासवरचा साधा अंशही नीट वाचता येत नाही. नागझिरा-नवेगावच्या बाजूला वनखात्याच्या परवानगीशिवाय दगड उचलायचा नाही आणि एकटं जायचं नाही. गावातला वाट जाणणारा माणूस सोबत हवा. अस्वलाची जागा त्याला ठाऊक असते.

नमुना काढताना एक शिस्त जिवापाड पाळायची. दगड जागेवर असतानाच त्याच्या सपाट पृष्ठावर मार्करनं आडवी रेघ, उताराचा बाण आणि अंश लिहायचे, मग हातोडी लावायची. आधी काढला आणि नंतर खुणा केल्या तर तो दगड शोकेसमध्ये ठेवण्यापलीकडं कामाचा नाही. कोणत्या दिशेनं ढकललं गेलं, हा आपला प्रश्न असतो, आणि दिशा हरवली की प्रश्नच हरवला. जवळ लोहखनिज असेल तर कंपासची सुई भरकटते, हे लक्षात ठेवून दोन-तीन ठिकाणांहून ताडून पाहायचं.

मग थिन सेक्शन, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतका दगडाचा पातळ काप. दगडाची चकती त्यातल्या पत्र्यांच्या आडवी आणि ताणलेल्या रेषेच्या समांतर कापायची. वळण दिसतं ते त्याच कापात. ती काचेवर इपॉक्सीनं चिकटवायची आणि कार्बोरंडमची पूड पाण्यात कालवून, आधी जाड मग बारीक, घासत जायचं. थांबायचं कधी ते क्वार्ट्झच सांगतो. मायक्रोस्कोपमध्ये दोन पोलरॉइड आडवे लावून पाहिलं की जाड काप पिवळा-नारिंगी दिसतो, मग फिकट पिवळा होतो आणि ०.०३ मिलिमीटरवर राखाडी-पांढरा. तिथं हात थांबायला हवा. आणखी चार वेळा फिरवला की अभ्रक कडेनं निघून जायला लागतं. हल्ली यंत्रं आहेत, बरीच चांगली आहेत, पण काही स्लाइड स्वतःच्या हातांनी घासल्याशिवाय ‘०.०३ मिलिमीटर’ म्हणजे काय ते बोटांना कळत नाही. जाडीतली चूक रंगात कशी उतरते हे ज्याला कळत नाही, तो पुढं रंग चुकीचा वाचतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे करायला लावते आणि पुढंही लावणार.

आणि मग खरं काम. न ताणलेला क्वार्ट्झचा दाणा, मायक्रोस्कोपची स्टेज (स्लाइड ठेवायची फिरती चकती) फिरवली की, एकदम काळा होतो, एकदम उजळतो. ताणलेल्या दाण्यात काळा पट्टा एका कडेनं शिरतो आणि स्टेज फिरवत गेलं की दाण्यातून सरकत दुसऱ्या कडेला जातो. जाळी वाकलेली असल्यामुळं प्रत्येक भाग वेगवेगळ्या कोनाला विझतो. याला लहरी विलोपन म्हणतात. तापमान वाढलं की डिसलोकेशन एका रांगेत गोळा होतात आणि दाण्यात भिंती उभ्या राहतात. आणखी पुढं गेलं की त्या भिंतींमधून नवे, छोटे, स्वच्छ दाणे जन्मतात. या नव्या दाण्यांचा आकार मोजला की खडकावर किती ताण होता ते कळतं. क्वार्ट्झसाठी प्रयोगांवरून बसवलेलं नातं सांगतं की दाणे १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतील तर ताण १०० मेगापास्कलच्या घरात, ८० मायक्रॉनच्या आसपास असतील तर सुमारे २०. १०० मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे १,००० किलो. नाल्यातल्या दगडाच्या केसाएवढ्या दाण्यावरून डोंगर घडवणारा जोर मोजायचा! हे करताना मला आजही वेळेचं भान राहत नाही.

यापुढं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरचं ईबीएसडी तंत्र आहे. त्यात प्रत्येक दाण्याच्या जाळीची दिशा संगणक नोंदवतो. एका स्लाइडमधून लाखो बिंदू मिळतात आणि मग दिवसचे दिवस स्क्रीनसमोर जातात. कोड लिहावा लागतो, आलेख काढावे लागतात, चुकीचे बिंदू गाळावे लागतात. खरं सांगायचं तर या व्यवसायातला निम्म्याहून जास्त वेळ खुर्चीत जातो. ज्याला फक्त डोंगर आवडतो त्यानं हा विषय घेऊ नये.

म्हणून तयारीबद्दल माझा पहिला आग्रह गणित आणि भौतिकशास्त्राचा आहे. आपल्याकडं भूगर्भशास्त्र हा पाठांतराचा विषय म्हणून घेतात. खनिजांची नावं, युगांची नावं, खाणींची नावं. ती यावी लागतातच. पण ताण आणि विकृती समजायला मॅट्रिक्स लागतात, वाहण्याचं समीकरण समजायला लॉगरिदम आणि थोडं कॅल्क्युलस लागतं, मायक्रोस्कोप समजायला प्रकाशशास्त्र लागतं. बारावीचं गणित धूळ खात पडलं असेल तर या वर्षी काढ. इंग्रजीची भीती बाळगू नकोस. शोधनिबंधाची इंग्रजी ठरावीक साच्याची असते, रोज दोन पानं वाचलीस तर वर्षभरात सुटते. गणित मात्र तसं सुटत नाही, त्याला बसावं लागतं. आणि पायथन शिक. कॉलेजच्या संगणकावर फुकट होतं.

प्रवेशाचं थोडक्यात. नागपूर विद्यापीठाचा पदव्युत्तर भूगर्भशास्त्र विभाग आहे, अमरावतीलाही विषय आहे, आणि तिथून एम.एस्सी. करून पुढं गेलेली माणसं भरपूर आहेत. जॅम या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी. मिळते. खरगपूर, रुरकी, मुंबई या जागा या विषयाला चांगल्या. खडकांच्या रचनेच्या अभ्यासात कोलकात्याच्या यादवपूर विद्यापीठाची परंपरा मोठी आहे. पीएच.डी.साठी हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था), डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था आणि आयसर या संस्थाही बघ. जागा निवडताना संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकाचं अलीकडचं काम आणि त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांचं काय झालं, हे बघ. त्या विद्यार्थ्यांना ईमेल लिहून विचार. बहुतेक जण मोकळेपणानं सांगतात.

आता पोटाचं. नेट-जेआरएफ ही संशोधन फेलोशिपची परीक्षा निघाली की २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप आहे, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पीएच.डी. फेलोशिप आहेत, तुझ्या प्रवर्गाप्रमाणं चौकशी कर. एम.एस्सी.नंतर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देता येते. ती निघाली तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात (जीएसआय) गट अ अधिकारी म्हणून, ५६,१०० मूळ वेतनापासून सुरुवात. वयोमर्यादा ३२ आहे, आरक्षणात सवलत मिळते. जीएसआयचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात आहे. आयबीएम (भारतीय खाण ब्युरो), मॅंगनीज काढणारी मॉयल, खनिजं शोधणारी एमईसीएल, कोळशाची डब्ल्यूसीएल आणि राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, सगळ्यांची मुख्यालयं नागपुरात. देशात एवढी सोय फार थोड्या शहरांत आहे, आणि ते तुझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर.

कॉलेजातल्या प्राध्यापकीबद्दल मात्र सावध करते. महाराष्ट्रात पीएच.डी. झालेली हुशार मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबताना मी पाहते आहे. कायम भरती निघते तेव्हा निघते. तेवढ्या एका आशेवर घर चालवायचं नियोजन करू नकोस. जीएसआय आणि खदानींचा रस्ता सोबत उघडा ठेव.

‘एवढं बारीक शिकून खदानीत त्याचा काय उपयोग?’ असं तुला विचारतील. उपयोग थेट आहे. सौसरमधलं मॅंगनीज थरांमध्ये आहे आणि ते थर घड्या पडलेले आहेत. घडीच्या वळणात थर फुगून जाड होतो, बाजूंना ताणून पातळ पडतो. बोअरहोल कुठं घ्यायचं, खाली माल किती निघेल, हे घडीचा अक्ष कुठं झुकतो यावर ठरतं. ते वाचता आलं नाही तर लाखो रुपयांचं ड्रिलिंग कोऱ्या खडकात जातं. चिखला, कांद्री, गुमगाव अशा भूमिगत खदानींत छत कुठं सुटेल हेही अभ्रकाचे पत्रे कोणत्या दिशेला लागलेत यावर ठरतं, आणि तिथं माणसांचे जीव असतात. याशिवाय बोगदे आहेत, धरणांचे पाये आहेत. बर्फ हेदेखील खनिजच आहे. हिमनदी वाहते ती बर्फाच्या स्फटिकांतली डिसलोकेशन सरकून, आणि गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचं काम त्या बाजूचं आहे.

मुलीला झेपतं का? झेपतं. भूमिगत खदानीत बायकांना कामाला बंदी होती, १९५२ च्या खाण कायद्यातली. २०१९ साली केंद्रानं तांत्रिक, पर्यवेक्षण आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी ती दिवसपाळीत उठवली. तोवर आमच्या पिढीतल्या कित्येक जणी खदानीच्या तोंडाशी उभ्या राहून वर आलेले नमुने घेत होत्या. तुला तसं उभं राहावं लागणार नाही. फील्डवर राहायची जागा आधी नक्की कर, शक्यतो शाळेतल्या मॅडम किंवा आशाताईच्या घरी. विश्रामगृहापेक्षा ते बरं पडतं, आणि वाट सांगणारा माणूसही तिथूनच मिळतो. धानाच्या बांधीतून चिखल तुडवत वाढलेल्या मुलीला चालण्याचं कोणी शिकवायला नको.

राहिला बी.एड.चा प्रश्न. मी त्याला नावं ठेवणार नाही. आपल्या शाळांना दगड ओळखणाऱ्या शिक्षिका हव्याच आहेत. पण क्रम बदल. एम.एस्सी.नंतर बी.एड. करता येतं, आणि तेव्हा ते कनिष्ठ महाविद्यालयासाठीही कामाला येतं. बी.एड. आधी केलं तर दोन वर्षांत गणित आणि मायक्रोस्कोप दोन्ही सुटतात, आणि सुटलेलं गणित पुन्हा धरणाऱ्या मुली मी फार थोड्या पाहिल्या आहेत. बाबांशी बोलताना ‘संशोधन’ हा शब्द वापरू नकोस, त्यांना त्यात फक्त वर्षं दिसतील. एम.एस्सी.ची दोन वर्षं, मग जेआरएफ आणि यूपीएससी दोन्हीचे प्रयत्न, त्यात जमलं नाही तर एमईसीएल किंवा खदानीतली नोकरी किंवा बी.एड., असं वर्षावार कागदावर लिहून दाखव. शेतकऱ्याला हंगामाचा हिशेब कळतो.

जॅमचा फॉर्म साधारण सप्टेंबरात सुटतो आणि परीक्षा फेब्रुवारीत होते, तेव्हा जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आताच तहसीलमधून काढून ठेव. कॉलेजच्या मायक्रोस्कोपवर आठवड्यातून एक दुपार सरांकडून मागून घे. पहिली स्लाइड त्या वळलेल्या शिरेचीच कर, पण या वेळी दगड उचलायच्या आधी त्यावर दिशा लिही.